एकच चूल

"आज चूल पेटवू नकोस," लुगडं बाजूला सारून थोरली जाऊ म्हणाली. दिवाळीत दोघी भांडल्या, चुली वेगळ्या झाल्या, तेव्हापासून एकाच स्वयंपाकघरात मधोमध ते लुगडं टांगलेलं. उन्हाळा लागल्यावर धाकटी ते ओलं करायची. गार झुळूक दोन्हीकडे जायची. वाऱ्याला कुठे वाटण्या ठाऊक!

थोरलीने गाडगं पुढे ठेवलं. "दोन चुलींनी घराची भट्टी झालीय. रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजवलं, पहाटे शिजवून गार केलं. आंबील आहे."

"आंबट झाली असेल." धाकटीने मान वळवली नाही.

"तुझ्या तोंडापेक्षा कमीच."

धाकटीला हसू फुटलं. तिने वाटी ओठाला लावली, डोळे मिटले. लसणाच्या वासाचा तो गारवा, नदीत पाय सोडावेत तसा, अंगभर उतरत गेला.

"उद्या मी दहीभात करते," ती डोळे न उघडताच म्हणाली. "तुम्ही पेटवू नका."

"बरं. पण ऊन आहे तोवरच हं. मृग बरसला की पुन्हा आपापली चूल."

धाकटीने थोरलीची वाटी काठोकाठ भरली. "यंदा मृग उशिरा बरसणार म्हणतात, जाऊबाई."