पेरलेला सिग्नल

तिच्या चहावर साय धरली होती. पातळ, सुरकुतलेली, एका बाजूने कपाला चिकटलेली. त्याचा कप केव्हाच रिकामा झाला होता आणि ती अजून खिडकीबाहेर बघत होती.

"चहा," तो म्हणाला.

"हं." तिने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

हल्ली हे रोजचंच झालं होतं. जेवताना तिचा हात मध्येच थांबायचा. पहाटे त्याला जाग आली की शेजारची उशी रिकामी असायची. मागच्या खेपेला असं नव्हतं. तेव्हा ती सात महिने ढाराढूर झोपली होती, आणि तिने पेरलेल्या सिग्नलपायी त्याच्या मात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता.

दोघं एकाच वेधशाळेत होती. दूरच्या ताऱ्यांभोवती कुणी आहे का, असलं तर त्यांचं काही ऐकू येतं का, हे शोधणाऱ्या गटाचा तो प्रमुख. तिचं काम गटाची परीक्षा घेण्याचं. रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींत अधूनमधून मुद्दाम एखादा खोटा सिग्नल पेरायचा आणि गट फसतो का ते पाहायचं. पेरला की नाही, हे फक्त तिला माहीत. प्रमुखाने सगळ्यांसमोर 'खरा' किंवा 'खोटा' असा निकाल सांगेपर्यंत तिने तोंड उघडायचं नाही. 'पेरला नाही' एवढंसुद्धा सांगायचं नाही. ते एकदा सांगितलं की पुढच्या वेळी ती गप्प बसली तर त्याचा अर्थ कुणालाही लावता येईल. निकालाआधी दुसऱ्या कुठल्या वेधशाळेला कळवायचं नाही, हेही त्यातच आलं.

हे सगळे नियम त्याने केले होते. लग्नाच्या आधी, नियमांवर फार विश्वास होता तेव्हा.

मागच्या खेपेला भरल्या सभागृहात तो 'खरा' म्हणाला होता. ती शांतपणे उठून म्हणाली होती, "मी पेरला होता." कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं. पुढे गटातली दोन माणसं सोडून गेली आणि दुर्बिणीचा निम्मा वेळ उपग्रहवाल्यांनी नेला.

या खेपेचा सिग्नल पडद्यावर उमटला तेव्हा दाढी जांभई देत होता. दाढी म्हणजे गटातला सर्वांत जुना तंत्रज्ञ. जांभई पुरी करून तो म्हणाला, "वहिनींची खुशाली आली बघ."

दुर्बीण बाजूला वळवली की सिग्नल जायचा, परत आणली की यायचा. आसपासच्या यंत्रांचा नव्हता, उपग्रहाचा नव्हता. पण एवढी काळजी तिने मागच्या वेळीही घेतलीच होती. आठवडे गेले, मग महिने गेले. संचालक दर बैठकीला विचारायचे, "खरा की खोटा? एकदाचं सांगून टाका, म्हणजे दुर्बीण कुणाला द्यायची ते मला ठरवता येईल." तो दर वेळी पुढची तारीख मागायचा. पुन्हा 'खरा' म्हणायची हिंमत नव्हती, आणि 'खोटा' जिभेवर येत नव्हतं.

"शेजारच्या ताऱ्यावर वळवून पाहिलंस?" ती जेवताना विचारायची.

"पाहिलं."

"काही नाही?"

"काही नाही. मागच्या वेळी तू एकही प्रश्न विचारला नव्हतास. आता नाटक छान जमायला लागलंय तुला."

ती ताटं उचलायची. एकदा ताटं हातात घेऊन दारातच थांबली. "घाई करू नकोस," ती म्हणाली. "पण उशीरही नको रे करूस."

"हे काय फर्मान? दोन्हीकडून मारायचं?"

ती हसली नाही. ओशाळली असेल, असं त्याला वाटलं. एकाच नवऱ्याला दोनदा फसवायचं म्हणजे मनाला लागतच असणार. तिची झोप त्यामुळेच उडाली असेल.

आणि मग गेल्या आठवड्यात सिग्नल थांबला. आधी क्षीण झाला, मग दिसेनासा झाला. दाढीने सगळी यंत्रं दोनदा तपासली. यंत्रं ठणठणीत होती.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती भांडी घासत होती. त्याने बूटही काढले नाहीत.

"गेला सिग्नल," तो म्हणाला. "थांबवलास ना?"

तिचे हात थांबले. नळ तसाच वाहत राहिला. तिने वळून पाहिलं नाही.

"बरं केलंस. फार दमलो होतो गं."

तिचे खांदे हलायला लागले. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. किती तरी महिन्यांनी त्याला तिची दया आली. मग हात पुढे करून त्याने नळ बंद केला.

आता तारीख मागायची गरज उरली नव्हती. बैठक त्यानेच बोलावली. खोलीत मोजकीच माणसं होती. ती शेवटच्या खुर्चीवर, हात मांडीवर घट्ट धरून.

"वहिनी, या खेपेला लवकर आवरतं घेतलंत," दाढी म्हणाला. "आमची कीव आली वाटतं?"



"चला," संचालक म्हणाले. "निकाल?"

तो उभा राहिला. इतके दिवस अडकलेला शब्द किती सहज बाहेर आला, याचंच त्याला नवल वाटलं.

"खोटा."

कुणीतरी मोठा सुस्कारा सोडला. दाढीने खुर्ची मागे सारली. संचालकांनी पेनाला टोपण लावलं आणि तिच्याकडे पाहून मान हलवली. "झालं. मॅडम, आता बोला तुम्ही."

ती समोरच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"यावेळी मी काहीच पेरलं नव्हतं," ती म्हणाली.