लेतूआजाचा प्याला

पांढरकवड्याच्या पलीकडं, जंगलाला लागून असलेल्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, त्या रविवारी ख्रिस्ती मंडळीचं प्रभुभोजन होतं. म्हाताऱ्या लेतू आत्रामचा नुकताच बाप्तिस्मा झालेला, त्यामुळं तो पहिल्यांदाच रांगेत बसला होता. औषधाच्या झाकणाएवढ्या प्याल्यात घोटभर द्राक्षारस. येशूचं हे रक्त आपल्यासाठी ओतलं गेलं, असं म्हणत पाळकसाहेबांनी प्याला त्याच्या हाती दिला. लेतूनं तो कपाळाला लावला आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर सरळ उपडा केला.

पोडावर मोहाची दारू तोंडाला लावायच्या आधी तिची धार गेलेल्या माणसांच्या नावानं जमिनीवर सोडतात, हे पाळकसाहेबांना ठाऊक होतं. पण प्रभूचा प्याला म्हणजे काय मोहाची दारू आहे? ते फडकं घेऊन पुसायला वाकले.

"बाबा, सगळं सांडलं ना!"

"सांडलं नाही साहेब, देल्लं. माह्ये मायबाप येशूचं नाव न ऐकताच गेले. त्याइले कोन पाजन?"

"अन् तुमच्यासाठी? थेंबही नाही उरला."

"मी तं जित्ता हावो न," लेतू हसला.

जमिनीनं रस केव्हाच पिऊन टाकला होता. फडकं पाळकसाहेबांच्या हातातच राहिलं. आयुष्यभर ते ओतलं गेलं, ओतलं गेलं म्हणत आले होते. कुणाला खरंच ओतताना मात्र त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.