सरळ सूर

शोधून शोधून दिग्दर्शकाच्या चपला झिजल्या होत्या. कंट्री म्युझिकचा स्टेज शो आठ दिवसांवर आला होता आणि गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर स्टीलची कांडी सरकवत वाजवणारा एकही माणूस मिळत नव्हता. हे कळल्याबरोबर एक मुलगी आपल्या बाबांना अक्षरशः ओढतच तालमीच्या हॉलवर घेऊन आली. चार वर्षं बाबांनी स्टील गिटारला हात लावला नव्हता. विचारलं की म्हणायचे, "आता कोण ऐकतंय गं आपलं?"

बाबांनी कांडी तारांवर टेकवली आणि सूर असा काही थरथरला, की पलीकडे गप्पा छाटणारा ड्रमवालासुद्धा चूप झाला.

"अहो काका, होतात कुठे इतके दिवस?" दिग्दर्शक खुर्चीतून उठलाच. "ही थरथर! हीच तर हवी होती मला!"

तिला आभाळ ठेंगणं झालं. 'बघा, म्हटलं नव्हतं?' असा टोमणा तिने बाबांना डोळ्यांनीच मारला.

"आता फक्त शेवटचा सूर," दिग्दर्शक म्हणाला. "गाण्यातली बाई रडायची थांबते, तिथे तो एकदम सरळ हवा. जराही न थरथरता."

बाबांनी वाजवला. सूर थरथरला. त्यांनी घाम पुसून पुन्हा वाजवला. तो आणखीच थरथरला.

"काका, मस्करी पुरे हं," दिग्दर्शक हसत म्हणाला. "कांडी हलवू नका, नुसती धरून ठेवा."

बाबांनी मान वर केली नाही.

"मी हलवत नाहीये," ते म्हणाले.