चौथा नियम

विल्फ्रेड गारसाइडने क्लबचा पितळी बिल्ला कोटावरून काढला आणि बिअरच्या ग्लासाशेजारून चिटणीसबाईंकडे सरकवला.

"एक नंबरचा आहे. नीट ठेवा."

पबच्या मागच्या खोलीतली बडबड थांबली. केस्ट्रेल मालक क्लबची वार्षिक सभा होती, पंचवीसेक माणसं जमली होती आणि सगळ्यांना बातमी कळलेली होती. विल्फ्रेडने आपली हिरवी, दोन माणसांची, उघड्या टपाची केस्ट्रेल मोटार मागच्या शनिवारी विकली होती. त्या बुटक्या गाडीत बसणं त्याला कसंबसं जमायचं, उतरवायला मात्र शेजारचे दोघे लागायचे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी गुडघ्यांपुढे कुणाचं काही चालत नाही.

आणि चौथा नियम असा, की गाडी गेली की सभासदत्व गेलं. साठ वर्षांपूर्वी, क्लब काढला त्या दिवशी, तो विल्फ्रेडनेच लिहिला होता. त्याच नियमावर बोट ठेवून त्याने सख्ख्या मेव्हण्याला घरी पाठवलं होतं. बिचाऱ्याने केस्ट्रेलचं झाडून सगळं विकून दुसरी मोठी मोटार घेतली होती. आता स्वतःसाठी सवलत मागायला विल्फ्रेडची जीभ रेटेना. पण क्लब नसला तर रविवारी सकाळी उठून जायचं कुठे, हे आठवडाभर त्याला सुचलं नव्हतं.

"घाई काय आहे एवढी?" चिटणीस प्रुनेला हॅडली म्हणाली. तिने बिल्ल्याला हातही लावला नाही. "क्लबचा इतिहास लिहायला घेतलाय, म्हणून मी पहिली वही चाळत होते. तुमचं अक्षर काय भयंकर आहे हो! आपण छापतो तो नियम अर्धाच आहे. ऐका. 'सभासदाकडे स्वतःची केस्ट्रेल असलीच पाहिजे. चालू असो वा बंद, अख्खी असो वा सुटी.'"

विल्फ्रेडने कपाळावर हात मारला.

"विसरलोच होतो की! लिहावंच लागलं तसं," तो म्हणाला. "पहिल्या सभेला आम्ही सात मालक होतो. त्यातले सहा बसने आले होते."

खोली हसली.

"मग सांगा, सुटं काही उरलंय का तुमच्याकडे?" प्रुनेला म्हणाली.

"छे, फारसं नाही. दोन दारं. एक बॉनेट. गिअरबॉक्स असतील, दीडेक. रेडिएटर एक—"

"तीन," खिडकीपाशी बसलेली त्याची बायको म्युरिएल म्हणाली. "आणि पाहुण्यांच्या पलंगाखाली मागच्या चाकांचा अख्खा आस आहे, तो कोण सांगणार? मला वाटलं होतं, आता तरी घर मोकळं होईल."

"विकत घेणाऱ्याने नेलं नाही ते?" प्रुनेलाने विचारलं.

"त्याने विचारलं होतं," म्युरिएल म्हणाली. "हा म्हणाला, लागेल कधीतरी."

आता हसू आवरेना कुणाला. प्रुनेलाने बिल्ला परत सरकवला, नव्या वर्षाचा अर्ज पुढे ओढला आणि सभासदाचं नाव लिहिलं.

"गाडीची सध्याची स्थिती काय लिहू?"

विल्फ्रेडने दोन्ही गुडघ्यांवरून सावकाश हात फिरवला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते पुसले नाहीत.

"लिहा," तो म्हणाला, "दुरुस्ती चालू आहे."