वसुलीची हलगी

शहाण्णव सालची गोष्ट. देवनहळ्ळीच्या पलीकडच्या एका गावची नगरपालिका इतकी डबघाईला आली होती, की ऑफिसातली कॉफीसुद्धा उधारीवर यायची. तिला सावरायला बंगळूरहून भगवंतरावांना बोलावलं. ऑडिटमधून रिटायर झालेला हा माणूस, मानधनाची बोली करूनच बसमध्ये चढला.

त्यांनी तीन दिवस कागद चाळले आणि एकच उपाय सांगितला. "घरपट्टी थकवणाऱ्याच्या दारात सकाळी सातला हलगी वाजवा. नोटिशीला न भिणारा माणूस शेजाऱ्यांच्या खिडक्यांना भितो."

पालिकेचा हलगीवाला चौडप्पा दारोदार वाजवत सुटला. महिन्याभरात राइस मिलवाल्यापासून माजी अध्यक्षांपर्यंत सगळे पैसे घेऊन धावत आले. रस्त्यावरचे दिवे लागले, आणि नव्या अध्यक्षांच्या दारात नवी अँबॅसडर लागली.

मानधनाचं विचारलं, की मुख्याधिकारी मान डोलवून म्हणायचे, "सरी सर, ठीक आहे, पुढच्या महिन्यात नक्की!"

असे सहा पुढचे महिने गेले. सातव्यात भगवंतराव सफारी घालून आले, चौडप्पाकडून हलगी मागून घेतली आणि ती गळ्यात अडकवून थेट पालिकेच्या दारात उभे राहिले. वेळ मात्र साडेदहाची धरली, कारण त्याआधी तिथे ऐकायला कोणी नसतं.

हलगीवर टिपरू पहिल्यांदा पडलं, तसा शेजारी उभा चौडप्पा हळूच म्हणाला,

"सर, स्वल्प जोरात. माझा आठ महिन्यांचा पगारही त्यातच धरा."