ठिपक्याची ओढ

"हो की नाही, एवढंच सांगा," कर्नलसाहेब म्हणाले. "गुरुत्वाकर्षणाचं शस्त्र होईल का?"

तळघरातल्या त्या प्रयोगशाळेत, ती चालवणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंनी स्वतः जुळवलेली काचेची पेटी होती. आत बारीक तारेला एक आडवी दांडी टांगलेली, दांडीच्या टोकांना शिशाच्या गोळ्या. दांडीवरच्या आरशातून उजेडाचा ठिपका समोरच्या भिंतीवर पडे. साहेबांना शस्त्राचा नुसता वास आला असता, तरी पेटी उद्याच लष्कराच्या कुलपात गेली असती. बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "अख्खी पृथ्वी खाली खेचतेय, तरी तान्हं बाळ पाय वर करतंच की. शत्रूला लोळवायचं तर दुसरी पृथ्वी आणावी लागेल. ती ठेवणार कुठे?"

साहेबांच्या मिशीखाली हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "मग हा ठिपका हलतो म्हणे, तो कोण हलवतं?"

"बसा इथे, पेटीला लागून. अजिबात हलू नका."

"बिल्ले काढू?"

"राहू द्या. तेवढीच भर."

साहेब श्वास रोखून बसले. बराच वेळ काही होईना. मग ठिपका हळूच त्यांच्या बाजूला सरकू लागला.

"हे मी करतोय?" साहेब कुजबुजले. बढतीच्या दिवशीही त्यांना इतका आनंद झाला नव्हता.

"तुम्हीच. तुमच्या देहाची ओढ त्या शिशाच्या गोळीला लागलीय."

"आणि उलटं? ढकलता येतं?"

"नाही. गुरुत्वाकर्षणाला फक्त जवळ ओढता येतं."

प्रयोगशाळेत वाढदिवस असेच होत. ज्याचा वाढदिवस त्याने पेटीशेजारी बसायचं आणि ठिपका थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. बाईंचे मदतनीस लंबू आणि ताई, झाडलोट करणारे काका, सगळ्यांच्या खुणा भिंतीवर होत्या. वाढदिवस नसतानाही बाईंनी साहेबांची खूण केली. ती सगळ्यांच्या पुढे गेली. पोटाचा प्रताप, साहेबांनी स्वतःच कबूल केलं.

"शस्त्र होणार नाही, असं कळवतो," टोपी घालत ते म्हणाले. बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. पेटी इथेच राहणार होती.

साहेब दारापर्यंत गेले आणि घुटमळले.

"उद्या आईला आणू का? फार वाळलीय हो ती आता. एका हाताने उचलतो मी तिला." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "तिच्याने हलेल ना ठिपका?"

"हलेल," बाई म्हणाल्या आणि पेन्सिलीला टोक काढायला बसल्या.