कुत्र्याचं मांजर

दवाखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर रक्ताचे नमुने तपासायचे आणि डबा खायच्या सुट्टीत मोबाइलवर लिहायचं, असं तिचं सहा वर्षं चाललं होतं. एका गाजलेल्या कादंबरीतल्या कप्तानाच्या पुढच्या गोष्टी ती रचायची आणि टोपणनावानं एका साइटवर फुकट टाकायची. घरात कुणाला पत्ता नव्हता. वाचक येत-जात राहिले, पण एक जण मात्र प्रत्येक भागाखाली नेमानं एकच शब्द लिहायचा, 'हजर.'

मग एक प्रकाशक भेटला. म्हणाला, "पुस्तक काढू. पण पात्रं दुसऱ्याची आहेत, ती ओळखू येता कामा नयेत. आणि साइटवरचं सगळं काढून टाका."

तिनं काढलं. कप्तानाचा पायलट केला, त्याच्या लंगड्या कुत्र्याचं मांजर केलं. महिनाभर नावं बदलता बदलता डोळे फुटायची वेळ आली. शेवटी स्वतःच्या खऱ्या नावानं छापलेलं पुस्तक हातात आलं, तेव्हा आनंद मानायचंही त्राण उरलं नव्हतं. पहिली प्रत तिनं सासऱ्यांना दिली.

दोन दिवसांनी ते स्वयंपाकघरात आले आणि मागे दार लोटून घेतलं.

"सूनबाई, कुत्र्याचं मांजर केलं म्हणून काय झालं, ओळखू येतं गं. सहा वर्षं मी त्या बाईंच्या गोष्टींखाली 'हजर' लिहीत होतो. त्यांनी लिहिणं का सोडलं, ते आज कळलं."

ती काही बोलायच्या आत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"घाबरू नकोस. त्या बाई तूच, हे घरात कुणाला सांगणार नाही मी."